दोन लाख किलोमीटर झालेली छोटी गाडी सांभाळताना

आमची अल्टो २००७ची. बाबांनी नवी घेतली, बारा वर्षं चालवली आणि २०१९मध्ये किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हा मीटरवर १,४२,००० किलोमीटर होते. आज २,३१,००० आहेत. कराडातली रोजची कामं, महिन्यातून एकदा चिपळूणला माहेरी, अधूनमधून पुणं, सगळं तिच्यावरच. गाडी हातात आली तेव्हा मला पेट्रोल भरणं आणि हवा तपासणं एवढंच येत होतं. तुमच्याकडेही वडिलांची, काकांची किंवा नुकतीच सेकंडहँड घेतलेली एखादी जुनी अल्टो, मारुती ८००, झेन, वॅगनआर, सँट्रो असेल आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. जुनी गाडी घेतली की बहुतेक जण आधी सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि पॉलिश यांवर पैसे घालतात. मग दोन महिन्यांनी गाडी घाटात उभी राहते. खर्चाची रांग ठरवून घ्या. पहिला मान पाणी, बेल्ट आणि ऑइल यांचा, कारण ते गेले तर इंजिन जातं. दुसरा ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचा, कारण तिथे आपल्या जिवाचा प्रश्न असतो. तिसरा बॅटरी-वायरिंगचा. एसी, रंग, सीट हे त्यानंतर. रांग मोडायची नाही, मग थोड्या पैशांतही गाडी विश्वासाची राहते.

छोट्या गाडीचा एक मोठा फायदा आहे. मारुती ८०० जानेवारी २०१४मध्ये बनायची बंद झाली, आमच्यासारखी जुनी अल्टो त्याच्याही आधी, पण दोघींचे पार्ट आजही तालुक्याच्या गावात मिळतात आणि त्यांचं इंजिन उघडता येणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत आहे. दुप्पट किमतीच्या कित्येक जुन्या गाड्या एका सेन्सरसाठी महिनाभर गॅरेजात पडून राहतात. आपल्यावर ती वेळ सहसा येत नाही.

आधी वही

डॅशबोर्डच्या खणात दोनशे पानी वही ठेवा. मोबाइलमध्ये नको, वहीच. मिस्त्रीच्या तेलकट हातासमोर उघडी धरता येते आणि गाडी दुसऱ्या कुणी नेली तरी गाडीतच राहते. बाबांची वही अजून आमच्या गाडीत आहे. त्यातली नोंद अशी असते: "१२ मे २०११. ६८,४१०. फॅन बेल्ट बदलला. जुन्याला आतून भेगा." तारीख, किलोमीटर, काय केलं, जुना पार्ट कसा निघाला. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. पार्ट किती झिजून निघाला हे लिहिलं असेल, तर पुढचा कधी बदलायचा ते आपोआप कळतं.

सेकंडहँड गाडीबरोबर वही येत नाही. विकणारा म्हणतो, "सगळं काम केलंय, बघायला नको." त्याचं म्हणणं खरंही असेल, पण बिल दाखवलं नाही तर काम झालेलं नाही असं धरून चाला. पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि स्पार्क प्लग हे सगळं एकदम बदलून घ्या, त्या दिवशीचं मीटर पहिल्या पानावर लिहा आणि तिथून मोजायला लागा. खर्च एकदम होतो खरा, पण त्यानंतर अंदाज करत बसावं लागत नाही.

पाणी

छोट्या जुन्या गाड्यांची जी इंजिनं उघडावी लागतात, त्यांत गरम होऊन गेलेली मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. म्हणून इथे थोडी रेंगाळते.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण काढा आणि आत बघा. पाणी झाकणाच्या तोंडापर्यंत हवं आणि हिरवं, लाल किंवा निळं, पण स्वच्छ दिसायला हवं. चहासारखं तांबूस पाणी म्हणजे आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं आहे आणि आत गंज चढला आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर तो हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधली चकती) गेल्याचा इशारा असू शकतो, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तांबूस पाणी निघालं तर सगळं काढून, आतून साध्या पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून भरा. तयार मिसळलेलं कूलंटही मिळतं, त्यात वरून पाणी घालायचं नसतं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" असं अजूनही ऐकू येतं. कूलंट गोठण्यापासून वाचवतं तसंच गंजापासून वाचवतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतं. आपल्याकडे या दोन गोष्टीच कामाच्या.

आता झाकण हातात घेऊन नीट बघा. खाली एक स्प्रिंग आणि रबराची चकती असते. हे झाकण पाणी दाबाखाली धरून ठेवतं, आणि दाबामुळे ते १०० अंशांच्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही. चकतीचं रबर कडक झालं किंवा फाटलं की दाब राहत नाही, पाणी बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं आणि चढावर उकळतं. झाकण स्वस्त असतं. शंका आली की बदलूनच टाका.

मग होज पाइप. रेडिएटरला वर एक आणि खाली एक असे दोन जाडे काळे पाइप असतात, हीटरचे दोन बारके. प्रत्येक पाइप मधोमध आणि दोन्ही टोकांना क्लिपजवळ अंगठ्याने दाबा. चांगला पाइप दबतो आणि लगेच फुगून जागेवर येतो. कुरकुर असा बारीक आवाज आला, तर आतला थर तडकला आहे. लोण्यासारखा मऊ लागला, तर वरून तेल सांडून रबर सडलं आहे. क्लिपजवळ पांढरी किंवा हिरवी पुटं दिसली, तर तिथून थेंब-थेंब पाणी झिरपून वाळतं आहे. पंधरा वर्षांच्या गाडीचे मूळचे पाइप असतील तर चारही एकदम बदला, क्लिपांसकट. एक बदलला की पुढच्या महिन्यात दाब दुसऱ्यावर निघतो.

फॅन तपासायला गाडी सावलीत उभी करून एसी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्याच्या आसपास आला की फॅन आपोआप सुरू झाला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंद. सुरूच झाला नाही तर फ्यूज, रिले, सेन्सर आणि फॅनची मोटर याच क्रमाने बघायला सांगा. हमरस्त्यावर समोरून वारा लागत असल्यामुळे बंद पडलेला फॅन कळत नाही. तो कळतो पुण्यात सिग्नलला उभं राहिल्यावर, भर उन्हात.

आणि थर्मोस्टॅट. मिस्त्री त्याला व्हॉल्व म्हणतात. मला एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं, "ताई, गाडी जुनी झाली, व्हॉल्व काढून टाकतो, गरम व्हायची भानगडच नको." मी हो म्हटलं. त्यानंतर चार महिने काटा कधी वर आलाच नाही आणि मला वाटलं झकास काम झालं. अ‍ॅव्हरेज मात्र १८वरून १५वर आलं. व्हॉल्वचं काम इंजिन लवकर तापवून ८०-९० अंशांच्या आसपास ठेवायचं. तो नसला की इंजिन थंडच राहतं, इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय आणि तो जास्त पेट्रोल देत राहतो. ऑइलमधली वाफही उडून जात नाही. म्हणून कुणी काढायला सांगितला तर काढू देऊ नका, आधीच काढलेला असेल तर नवा बसवून घ्या. गाडी गरम होत असेल तर कारण दुसरीकडे आहे आणि ते शोधायला लावणं हा आपला हक्क आहे.

चालवताना काटा वर चढायला लागला, तर आधी एसी बंद. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. मे महिन्यात हे नकोसं वाटतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरला नाही तर जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास काहीही उघडू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं. "अजून पाचच किलोमीटर" हा विचार मनात आला की तिथेच थांबा.

बेल्ट

जुन्या अल्टोत आणि मारुती ८००मध्ये महत्त्वाचे बेल्ट दोन. एक बाहेर दिसणारा, त्याला फॅन बेल्ट म्हणतात, फॅन मात्र स्वतःच्या मोटरवर चालतो. तो इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो आणि इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंपही फिरवतो. दुसरा टायमिंग बेल्ट, तो झाकणाच्या आत असतो आणि इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखतो. हे व्हॉल्व वेगळे, मघाचा थर्मोस्टॅट नव्हे.

फॅन बेल्टचा धडा मला कुंभार्ली घाटात मिळाला. चिपळूणहून परत येताना शिरगावच्या आसपास डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मला वाटलं चार्जिंग होत नाहीये, दिवसाची वेळ आहे, लाइट नको, एसी बंद करू, बॅटरीवर घरी पोचू. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि पाच मिनिटांत पाण्याचा काटा वर सरकायला लागला. वळणाच्या पुढे थोडी मोकळी जागा होती तिथे थांबले. बॉनेट उघडलं तर बेल्टची जागा रिकामी, खाली पत्र्यावर रबराची दोन-चार लक्तरं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अल्टरनेटर थांबला त्याच क्षणी वॉटर पंपही थांबला होता. खालून मिस्त्री बेल्ट घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. लगेच थांबल्यामुळे इंजिन वाचलं. घरी आल्यावर वही काढली. बेल्ट शेवटचा बदलून सहा वर्षं झाली होती. बाबा दर तीन-चार वर्षांनी बदलायचे, त्यांनी तसं लिहूनही ठेवलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

म्हणून चालू गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर तो "बॅटरीचा प्रश्न" समजू नका. थांबा, बॉनेट उघडा, बेल्ट जागेवर आहे का बघा. बेल्ट असेल आणि फिरत असेल तरच जवळच्या गॅरेजपर्यंत जा.

तपासायचं कसं? इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा, बेल्ट साधारण बोटभर रुंदीइतका आत जावा. जास्त गेला तर ढिला, अजिबात गेला नाही तर जास्त ताणलेला, आणि तसा ताण वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. बेल्ट थोडा पिळून आतली बाजू बघा. आडव्या भेगा, चकाकी किंवा सुटलेले धागे दिसले की बदला. पावसाळ्यात सकाळी सुरू करताना चीं असा आवाज येऊन थांबतो, तोही ढिल्या किंवा घासून गुळगुळीत झालेल्या बेल्टचाच.

टायमिंग बेल्ट आधी काही सांगत नाही, आवाजही करत नाही. तुटला की इंजिन जागच्या जागी बंद, आणि काही इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळून हेड उघडावं लागतं. कंपनीच्या पुस्तकात किती किलोमीटर दिलेत ते बघा. मी स्वतः ८०,००० किलोमीटर किंवा सहा वर्षं, जे आधी होईल ते धरते, कारण रबर न चालवताही म्हातारं होतं. घेतलेल्या गाडीची नोंद नसेल तर पहिल्याच महिन्यात बदला. त्याच वेळी बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर नवा टाका आणि बेल्ट ज्यांना जोडतो त्या क्रँक आणि कॅम दांड्यांचे ऑइल सील आणि वॉटर पंप बघून घ्या. सीलमधून गळणारं ऑइल नव्या बेल्टवर पडलं तर तोही वर्षभरात जातो. एकदा उघडलं की मजुरी तीच असते, दुसऱ्यांदा उघडायला पुन्हा द्यावी लागते. तुमच्या गाडीत नंतर आलेलं के-सिरीजचं इंजिन असेल, जसं अल्टो के१०मध्ये, तर तिथे बेल्टऐवजी चेन आहे. तिला वेळेवर बदललेलं ऑइल लागतं, बाकी काही नाही.

ऑइल

दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, गाडी सुरू करण्याआधी ऑइल मोजायची दांडी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा आणि बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ७९६ सीसीच्या इंजिनात सगळं मिळून अडीच-पावणेतीन लिटर ऑइल मावतं, म्हणजे एक लिटर कमी झालं तर एक तृतीयांशापेक्षा जास्त गेलं. मोठ्या गाडीला जे चालून जातं ते आपल्याला चालत नाही.

जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच. किती, ते वहीत लिहा. हजार किलोमीटरला पाव लिटर जात असेल तर मी फक्त वरून भरते. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर कारण शोधायला लागा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्वचे सील गेलेत, काम मध्यम. चढावर पाय दाबल्यावर मागे निळा धूर राहत असेल तर पिस्टनच्या रिंगा, काम मोठं. धूर नाही पण जळका वास येतोय, तर हेड कव्हरची गॅस्केट गळून ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडत असणार. हे सर्वांत स्वस्तातलं काम, आणि लोक याच वासाला घाबरून गाडी विकतात.

ऑइल मी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी बदलते, फिल्टरसकट. पुस्तकात याहून जास्त अंतर असेल, पण ते नव्या इंजिनाचं. ग्रेड पुस्तकातलाच ठेवा. आवाज लपवायला किंवा धूर कमी करायला जाडं ऑइल घालणारे भेटतील. त्याने थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो आणि झीज वाढते.

पेट्रोल, प्लग आणि अ‍ॅव्हरेज

अ‍ॅव्हरेज टाकी फुल टू फुल काढा आणि वहीत लिहा. यासारखा स्वस्त डॉक्टर नाही. नेहमीपेक्षा अचानक दोन किलोमीटर कमी झालं तर काहीतरी बिघडलंय: टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, प्लग, किंवा मघाचा तो थर्मोस्टॅट. हवा आणि ब्रेक घरीच कळतात. दहा किलोमीटर चालवून उतरलात की चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर त्याचा ब्रेक अडकतोय.

आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, तेवढं गृहीत धरा. आपल्या जुन्या गाड्या मात्र या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत, त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. नळी फुगलेली, चिकट किंवा तडकलेली दिसली, किंवा गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशीच बदला, आग लागायला तेवढं पुरतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. आणि रिझर्व्हवर चालवायची सवय सोडा. पंप टाकीतच असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग नीट पेटला नाही तर एक तृतीयांश ताकद जाते आणि सिग्नलला स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं हलायला लागतं. मग लोक इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, बदलत बसतात. आधी तीनही प्लग काढून एका ओळीत ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेलकट म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. प्लग चांगले निघाले तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या. माउंटिंग त्यानंतर.

ब्रेक, टायर आणि गाडीचं पोट

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा साठला की लांब उतारावर ते तापून त्यात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, वरून भरत राहू नका. बाटलीतली पातळी हळूहळू कमी होत असेल तर पॅड झिजलेत. पटकन कमी झाली तर गळती आहे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर ड्रममधला व्हील सिलिंडर गळतोय, तशी गाडी घाटात नेऊ नका. घाट उतरताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे आणि त्याने माणसं गेली आहेत.

टायरचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, आणि नक्षी छान असूनही भिंतीला बारीक भेगा असतील तरीही बाद. कमी चालणाऱ्या गाडीत हेच होतं. स्टेपनीचाही आकडा बघा. आमच्या स्टेपनीवर ०७ निघालं होतं, म्हणजे ती गाडीबरोबर आलेली, एकदाही न लागलेली आणि पूर्णपणे निरुपयोगी.

वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, गाडी रॅम्पवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली जाऊन बघा. मिस्त्रीला संकोच वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर रबराचे चुण्या असलेले बूट असतात. फाटले की ग्रीस बाहेर उडतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळा फराटा दिसतो. लगेच बदललं तर बूट आणि ग्रीसचाच खर्च. तसंच चालवलं तर धूळ-पाणी आत जाऊन पूर्ण वळणावर कट-कट वाजायला लागतं, मग अख्खा जॉइंट जातो. लोअर आर्मचे (चाक गाडीशी जोडणारी खालची दांडी) बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड हलवून बघायला सांगा. खड्ड्यातून जाताना ठक असा आवाज म्हणजे यांतलंच काहीतरी.

बॅटरी

साधा मल्टिमीटर घ्या, काही शे रुपयांत येतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असताना तेरापेक्षा कमी असतील तर अल्टरनेटर बघा, नवी बॅटरी घ्यायला धावू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुऊन, वाळवून, व्हॅसलीन लावा. सेल्फ मारल्यावर नुसतं टक् झालं, तर निम्म्या वेळा टर्मिनल किंवा अर्थिंगची तार ढिली असते.

गंज आणि पाऊस

इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. गाडी खरी संपते ती पत्र्याने. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांना हे फार लवकर होतं. जून उजाडण्याआधी चारही दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत साठलेला पाला काढा, तो कुजला की पाणी आत येतं. पावसाळ्यात आठवड्याला एकदा पायाखालचं मॅट उचलून खालचं कार्पेट दाबा. ओलं लागलं तर पाणी येतंय कुठून ते शोधा आणि कार्पेट काढून वाळवा, कारण जमिनीचा पत्रा खालूनच नव्हे, वरूनही सडतो. अंडरबॉडी कोटिंग करायचं असेल तर आधी गंज घासून काढा. गंजावर केलेलं कोटिंग गंज झाकून ठेवतं आणि तो आतून वाढतच राहतो.

पावसात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. आमच्याकडे तंबाखूच्या पानाची पुरचुंडी बांधून ठेवतात. थोडाफार उपयोग होतो. गाडी रोज हलवली तर जास्त होतो.

मिस्त्री, पार्ट आणि कागद

एकच मिस्त्री धरा आणि त्याला गाडीचा इतिहास ठाऊक होऊ द्या. बदललेला जुना पार्ट दरवेळी मागून घ्या. "गाडी नीट करा" असं मोघम सांगू नका. "थंड असताना, डावीकडे वळताना, पुढून आवाज येतो" असं सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. बेल्ट, ब्रेकचे पार्ट, वॉटर पंप, सेन्सर ओरिजिनल घ्या. आरसे, दाराचे हँडल, लाइटच्या काचा लोकल चालतात.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ही समजूत दिल्लीच्या नियमामुळे पसरली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी दाखवायची. केंद्राने १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी ६००वरून ५,००० रुपये केली. आमची मुदत त्याच वर्षी संपली, त्यामुळे ती आम्हालाच लागली. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५पासून त्याहून जास्त आहे. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हाच करा. नंतर दर महिन्याला दंड चढतो. जाण्याआधी सगळे लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि पीयूसी पक्की करून घ्या. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही लागते.

कधी थांबायचं

खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला म्हणून मी थांबणार नाही. रिंगा बदलून, हेडचं काम करून पुढे पाच वर्षं मिळत असतील, तर नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे ते काहीच नाही. मी बघते ते पत्र्याकडे. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना पुढचे शॉकअप जिथे बोल्टने पक्के केलेले असतात तो गोल पत्रा, आणि खाली लोअर आर्म जिथे चॅसिसला जोडलेला असतो ती जागा. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठणठण वाजलं तर पत्रा शाबूत. भद आवाज आला, पापुद्रे सुटले, तर तिथे वेल्डिंगचं ठिगळ मारून ती गाडी घाटात चालवू नका. आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा पत्रा गेल्या ऑक्टोबरमध्ये ठोकला तेव्हा ठणठण वाजला. उजवीकडे एका बोल्टखाली गंजाची बोटभर रेघ होती. ती घासून, प्रायमर मारून, रंग लावून घेतला आणि वहीत लिहिलं: २,२६,९००, उजवा पत्रा, पावसाआधी पुन्हा बघणे.